चवीची वही

आमच्या शाळेत जंताच्या गोळ्या वाटायचा दिवस वर्षातून दोनदा येतो. गोळी चघळायची असते, चवीला गोडच, तरी पोरं ती गालात धरून ठेवतात आणि बाईंची पाठ वळली की कुंपणाबाहेर थुंकतात. म्हणून मी एकेकासमोर उभी राहते आणि म्हणते, "आ करा." जीभ वर, जीभ खाली, बोटाने गाल फाकवून बघते आणि मगच पुढच्याकडे जाते. एकोणीस वर्षांच्या नोकरीत एकाही पोराला मला फसवता आलं नाही, असा माझा टेंभा होता. तो टेंभा कसा विझला ते सांगते.

मी सुप्रिया भोईर, जिल्हा परिषदेची शिक्षिका. राहायला खालापूर, शाळा जांभूळटेपला. खालापूरहून स्कूटीने कर्जत, कर्जतहून कडाव आणि कडावपासून आत सहा किलोमीटर, त्यातले शेवटचे दोन देवाच्या भरवशावर. शाळा दोनशिक्षकी आहे, म्हणजे कागदावर. दुसरे गुरुजी दोन वर्षांपूर्वी बदलून गेले. त्यांच्या जागी "येतंय कोणीतरी" असं साहेब दर महिन्याला सांगतात. तोवर पहिली ते चौथी, एकतीस पोरं आणि मी.

लोकांना वाटतं मास्तरकी म्हणजे सुट्ट्याच सुट्ट्या. माझा दीर दर दिवाळीला म्हणतो, "वहिनी, तुमचं बरं आहे." त्याच्या हातात एकदा फक्त माझा मोबाइल द्यायचाय. शाळेच्या ग्रुपवर सकाळी सातला पहिला मेसेज पडतो: ही माहिती आज बारापर्यंत भरा. साडेसातला दुसरा: कालची माहिती चुकली आहे, पुन्हा भरा. झाडं लावल्याचे फोटो, हात धुतल्याचे फोटो, मतदार याद्या, आधारची नावं जुळत नाहीत त्यांचा तक्ता. एका वर्गाला पाढे लिहायला सांगायचं, दुसऱ्याला चित्र काढायला, आणि आपण ध्वजाच्या खांबापाशी जाऊन मोबाइल वर धरायचा, कारण रेंज फक्त तिथंच येते. पोरं तर म्हणायची, बाई झेंड्याला फोन दाखवतात.

हे सगळं मी सूट मिळावी म्हणून सांगत नाही. दमले होते हे खरं. पण दमणारी मी एकटी नव्हते, आणि दमणं वेगळं, खोटं लिहिणं वेगळं.

वर्षभरापूर्वी केव्हातरी ते सुरू झालं. शाळेच्या अलीकडे ओढ्यावर एक मोरी आहे. तिथं मी स्कूटी थांबवायला लागले. हेल्मेट न काढता दहा मिनिटं नुसती बसायचे. रडू यायचं नाही, विचारही यायचा नाही, फक्त पुढे जाववायचं नाही. शाळेत पोरं बोलायची ते कानापर्यंत यायचं आणि तिथंच राहायचं. वह्या तपासायचे, पण वाचायचे नाही. दुसरीतल्या रुचिताच्या कोऱ्या पानावर मी एकदा मोठी बरोबरची खूण करून 'छान' लिहिलं. ती पोर दिवसभर ती वही मिरवत होती. "बाई, मी कायच लिवलं नाय, तरी छान!" सगळी हसली, मीपण हसले. ते हसू आठवलं की आता कानकोंडी होते.

आता चवीच्या वहीबद्दल. शाळेत शिजलेलं जेवण पोरांना वाढायच्या आधी अर्धा तास शिक्षकाने चाखायचं, हा नियम आहे. चाखून वहीत तारीख, पदार्थ, वेळ, चव असं लिहायचं आणि सही करायची. शितावरून भाताची परीक्षा आपल्याकडे घरोघर होतेच, सरकारने तिला रकाने पाडून दिले एवढंच.

पण आमच्या शाळेत त्या चाखण्याला दुसरा अर्थ होता, आणि तो मीच दिला होता.

आठ वर्षांपूर्वी जेवण करणाऱ्या बचत गटाने काम सोडलं आणि चंद्रभागाताईंचा अर्ज आला. ताई गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडीत राहतात. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन पोशीरला. दुसऱ्या कोणाचा अर्जच नव्हता, म्हणून त्यांना काम मिळालं. पहिल्या दिवशी पंक्तीला अठ्ठावीसपैकी नऊ पोरं बसली. बाकीच्यांना अचानक भूक नव्हती. कोणी काही बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती, सगळ्यांना सगळं कळत होतं. तिसऱ्या दिवशी आनंदीबाई नावाच्या आजी नातवाला, अक्षयला, हाताला धरून घरी न्यायला आल्या.

तेव्हा माझ्या अंगात रग होती. मी ताट घेतलं आणि व्हरांड्यात, त्या नऊ पोरांच्या मध्ये, सतरंजीवर मांडी घालून बसले. ताईंच्या हातची खिचडी आजींच्या डोळ्यांदेखत खाल्ली आणि म्हटलं, "आजी, बसता का? मीठ अगदी बरोबर पडलंय." आजी नातवाला ओढत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहिला घास बाईंचा, मग पोरांचा, अशी रीतच पडली. दीड महिन्यात अख्खी शाळा पंक्तीला आली. सगळ्यात शेवटी आला तो अक्षय, आणि पहिल्याच दिवशी त्याने दोनदा खिचडी घेतली. कोणी भाषण केलं नाही. माझ्या एका घासाने हे झालं, याचा मला फार अभिमान होता.

तो घास मी केव्हा सोडला, तेही मला नीट सांगता येणार नाही. आधी ताटाची वाटी झाली. मग वाटी टेबलावर तशीच राहायला लागली. ताई ती झाकून ठेवायच्या आणि शाळा सुटल्यावर न बोलता उचलून न्यायच्या. वही मी आधी रोज भरायचे, मग दोन दिवसांनी. मग सोमवारी सकाळी बसून शनिवारपर्यंतचं सगळं एकदम लिहून टाकायला लागले. वेळ बारा दहा, चव चांगली, सही. सहा ओळी, सहा सह्या, दोन मिनिटांत काम फत्ते.

गणपती जाऊन आठवडा झाला होता. गुरुवार होता. बाराच्या आत एकतीस नावं भरायची होती आणि मी झेंड्याखाली उभी होते. सत्ताविसाव्या नावावर फॉर्म अडकून नुसता गोल गोल फिरत होता. चंद्रभागाताई वाटी घेऊन आल्या.

"बाई, वाईच चाखून बघा ना."

"ठेवा टेबलावर."

"तसं नाय. तेलाचा नवा डबा फोडलाय आज. फोडणीलाच वास आला. मी चाखली तर कडवट लागतेय."

"मग?"

"टाकायची तर तुमी सांगायला पायजे. सरकारी धान्य हाय, माझ्या मनानं कसं टाकू?"

तेवढ्यात फॉर्म बंद पडला. भरलेली सव्वीस नावंही गेली. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई, रोज रोज काय चाखायचं हो? आठ वर्षं खिचडी करताय ना? वाढा, मी बघते नंतर."

"वाढू ना मग पोरांना?" ताईंनी विचारलं.

"वाढा म्हटलं ना!"

त्या गेल्या. मी पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.

अर्ध्या पोरांनी कडवट लागली म्हणून खिचडी ताटातच टाकून दिली, त्यामुळे अर्धीच आजारी पडली. दोनच्या सुमाराला चौथीतला एक जण वर्गाच्या दारात ओकला, मग त्याच्या मागची, मग ओळीने. चौदा पोरं. रुचिताचे वडील साईनाथ भाजीचा टेंपो चालवतात आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्षही आहेत. त्यांच्याच टेंपोत सतरंज्या टाकून पोरांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत तेरा जणं हसत-खेळत बसली. रुचिता मात्र मुळातच काडीपैलवान, तिला सलाईन लावून ठेवून घेतलं. मी तिचा हात धरून बसले. येणारी-जाणारी माणसं म्हणत होती, "बाईंनी पोरांना क्षणभर सोडलं नाही." मी मान खाली घालून ऐकत होते. त्यांना तो माझा चांगुलपणा वाटला.

शाळा उघडीच राहिली होती. उजेड होता तोवर ती बंद करायला परत गेले. टेबलावर चवीची वही पडली होती, तशीच उघडी. गुरुवारच्या ओळीत 'वेळ १२.१०, चव चांगली, वास नाही' आणि खाली माझी वळणदार सही. त्याच्याखाली शुक्रवार. त्याच्याखाली शनिवार. न शिजलेली मटकीची उसळ मी चाखलेली होती आणि ती चांगली होती.

मी कपाटातून व्हाइटनर काढलं आणि त्या दोन ओळींवर फिरवलं. फुंकर मारून वाळवलंसुद्धा. मी पोरांना सांगते, चुकलं तर एक रेघ मारा, लपवू नका. त्या वेळी मला यातलं काही आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की उद्या साहेब येणार.

साहेब म्हणजे आमचे विस्तार अधिकारी. शुक्रवारी सकाळी आले, तेलाचा डबा आणि खिचडीचा नमुना पिशवीत घातला. तपासणीचा अहवाल यायला दोन महिने लागतील म्हणाले. मग वही मागितली. पांढऱ्या पट्ट्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय?"

"तारीख चुकली होती, सर."

"सरकारी वहीत व्हाइटनर लावत जाऊ नका, बाई," एवढंच म्हणून त्यांनी गुरुवारच्या ओळीचा फोटो काढला. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "पण नोंद व्यवस्थित आहे, म्हणून तुम्ही वाचलात. बारा दहाला अन्न ठीक होतं. म्हणजे जे काही झालं ते नंतर. भांडी, हात, पाणी. स्वच्छतेचा प्रश्न आहे." आणि त्यांनी चंद्रभागाताईंना हाक मारली.

ताई पदराला हात पुसत दारात आल्या. साहेबलोक असले की बोलावल्याशिवाय त्या ऑफिसात येत नाहीत.

"बाईंनी वाढायच्या आधी चव बघितली होती ना?" साहेबांनी विचारलं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. मी समोरच्या वहीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

"बाईंनी लिवलंय ना?" ताई म्हणाल्या. "मग चाखलंच असंल."

साहेबांनी ते लिहून घेतलं. तेल वास मारत होतं, असं ताई मग सांगायला लागल्या, पण साहेबांचा पेन थांबला नाही. वहीत 'वास नाही' असं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. एका स्वयंपाकिणीच्या तोंडच्या शब्दापेक्षा ते वजनदार होतं. साहेब गेल्यावर ताईंनी सगळे टोप पुन्हा घासले, उन्हात उपडे घातले, किचनशेडला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी पोरं घरी गेल्यावर मी कपाट उघडलं. चौकशीला जुन्या चव-वह्याही पाठवायच्या होत्या. धूळ झटकता झटकता आठ वर्षांपूर्वीची वही उघडली. अक्षर माझंच. 'मीठ कमी, ताईंना सांगितले.' 'आज कढीपत्ता भरपूर, छान.' 'डाळ थोडी कच्ची, दहा मिनिटे थांबून वाढले.' एके ठिकाणी लिहिलं होतं, 'आज अक्षय जेवला.' साहेबांना त्या नोंदीचा काडीचा उपयोग नव्हता, तरी मी ती लिहिली होती. मग पानं उलटत गेले. ओळी लहान होत गेल्या आणि शेवटी पानंच्या पानं तेच दोन शब्द, चव चांगली, चव चांगली. कुठली बाई मेली आणि कुठली तिच्या नावाने सह्या करत राहिली, असा प्रश्न पडला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पोरं ओकली तेव्हाही नाही.

रविवारी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. संतोष खोपोलीच्या कंपनीत सुपरवायझर आहे, माणूस वाईट नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू कशाला आगीत उडी घेतेस? अहवाल येईल तेव्हा तेलवाल्याचं निघेलच की. दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

"आणि दोन महिने त्या काय करतील?"

"दुसरं काम बघतील," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून चहा टाकायला उठला.

सोमवारी समितीची सभा होती. वर्गातच, पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली. साईनाथ अध्यक्ष. मुख्याध्यापक म्हणून सचिव मी, म्हणजे चर्चा त्यांनी करायची आणि लिहायचं मी. चंद्रभागाताई दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. कोणी त्यांना बस म्हटलं नाही, मीही नाही.

"आमी आठ वर्षांमागंच सांगितलं व्हतं," आनंदीबाई म्हणाल्या. "तवा आमचं कोणी ऐकलं नाय. आता भोगा."

"आये, तो विषय नाय आता," साईनाथ म्हणाले. त्यांचीच आई ती. "जातीचं कोणी काय बोलत नाय इथं. पोरांच्या जिवाचा प्रश्न हाय. बाईंनी चाखलं तवा चांगलं व्हतं, मग बिघडलं कुठं? बाई, ठराव लिवा. स्वयंपाकी बदलायचा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी इतिवृत्ताची वही उघडली. 'ठराव क्रमांक एक' लिहिलं. 'श्रीमती चंद्रभागा यांनी स्वच्छता न पाळल्यामुळे' इथपर्यंत लिहिलं. माझं अक्षर नेहमीसारखंच सुरेख येत होतं, त्याचीच मला किळस आली. हात थांबला.

"काय झालं, बाई?"

मी चवीची वही काढली आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर नख चालवलं. व्हाइटनरचे पोपडे टेबलावर पडले. खालची अक्षरं फिकट झाली होती, तरी वाचता येत होती. मी वही साईनाथांपुढे सरकवली.

"हा शुक्रवार. शुक्रवारी जेवण शिजलंच नाही. तरी मी चव बघितली आणि चांगली आहे असं लिहिलं. सोमवारीच लिहून ठेवलं होतं. गुरुवारचंही तसंच. मी चाखलं नव्हतं. किती महिने चाखत नाहीये, मला आठवत नाही."

साईनाथांनी वही जवळ ओढली आणि तारखांवरून बोट फिरवलं.

"ताईंनी मला सांगितलं होतं, तेलाला वास येतोय, खिचडी कडवट लागतेय. वाटी घेऊन माझ्यापाशी आल्या होत्या. मी म्हटलं, वाढा."

"ताईंनी सांगितलं व्हतं?" साईनाथांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"आणि तुमी म्हटलं, वाढा?"

"हो."

त्यांनी वही मिटली. ओरडले असते तर मी सोसलं असतं, त्याची मी तयारी करून आले होते. ते हळूच म्हणाले, "माझ्या पोरीला सुई टोचली तवा तुमी तिचा हात धरून बसला व्हतात. मी घरी जाऊन सांगितलं, बाई म्हंजे देवमाणूस."

मला तिथून उठून जाता आलं नाही, कारण ठराव अजून लिहायचा होता. आधीची ओळ एका रेघेने खोडली आणि मी जे सांगितलं ते खाली लिहिलं, माझ्याविरुद्ध, माझ्याच अक्षरात. स्वयंपाकी बदलायचा विषय मग कोणी काढला नाही. आनंदीबाईंनी माफीबिफी मागितली नाही, पण निघताना दाराशी ताईंच्या अंगावरून जाताना पदर सावरायचा त्या विसरल्या, एवढं मी बघितलं.

सगळे गेल्यावर ताई किल्ली घ्यायला आल्या. मी हात जोडले. त्यांनी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"चार दिस, बाई," त्या म्हणाल्या. "चार दिस मी नळावर गेले की बाया हंडे उचलून बाजूला व्हायच्या. आठ वर्षांमागं व्हायच्या तशा. मला वाटलं व्हतं, ते संपलं."

"तुम्ही साहेबांना सांगायचं होतं, ताई. चाखलं नाही म्हणून."

"सांगून? वहीत सही कोणाची?" त्या म्हणाल्या. "आणि माझ्या हातचा पहिला घास तुमी खाल्लेला. मग मी कोणत्या तोंडानं तुमच्याविरुद्ध बोलू? म्हटलं, त्या बोलतील. शुक्रवारी वाट बघितली, शनिवारी बघितली. बोललात ते बरं केलंत. पण लय उशीर केलात."

त्यांनी किल्ली उचलली आणि गेल्या.

आठवड्याने मला नोटीस आली. खुलासा लिहायला सात दिवस होते. 'मी फार दमले होते' असं मी पहिलं वाक्य लिहिलं, मग एक रेघ मारून खोडलं. ते खरं होतं, कोणीतरी केव्हातरी विचारावं असंही होतं, पण ताईंच्या चार दिवसांपुढे ते मांडायला माझी जीभ रेटेना. खुलाशात फक्त झालं ते लिहिलं. निकाल अजून लागायचा आहे. दुसरे गुरुजी अजून आलेले नाहीत. सकाळी मोरीवर मी अजूनही थांबते, पण हेल्मेट काढते.

जेवण पुन्हा सुरू व्हायला दहा दिवस लागले. ताई येतील की नाही याची मला खात्री नव्हती. त्या आल्या. नव्या तेलाचा डबा फोडला तेव्हा मी किचनशेडमध्ये उभी होते, तो त्यांनी माझ्या नाकाशी धरला. बाराला पोरं व्हरांड्यात ओळीने बसली. मी त्यांच्यामध्ये सतरंजीवर बसले, आठ वर्षांपूर्वी बसले होते तशीच, फक्त गुडघे आता कुरकुरतात. ताईंनी पहिलं ताट माझ्यासमोर ठेवलं.

मी घास घेतला, चावला, गिळला.

"मीठ जरा जास्त झालंय, ताई."

"झालंय खरं," ताई म्हणाल्या. "हात कापत व्हता."

मग सगळ्यांना वाढून झालं. पण एकाही पोराचा हात ताटाकडे गेला नाही. एकतीस पोरं मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. सभेत काय झालं ते गावात घरोघर पोचलं होतं, पोरांना वगळून ते कसं पोचणार?

"खा ना रे," मी म्हटलं.

कोणी हललं नाही. मग रुचिता उठली. दवाखान्यातून आल्यापासून जास्तच बारीक दिसत होती. ती ओळीतून वाट काढत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी बसलेली असल्यामुळे आमची तोंडं एका उंचीवर आली.

"बाई," ती म्हणाली, "आ करा."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी ताईंकडे बघितलं. त्या पळी हातात धरून उभ्या होत्या, मध्ये पडल्या नाहीत. पडायचं काही कारणही नव्हतं.

मी तोंड उघडलं. रुचिताने वाकून आत बघितलं. "जीभ वर," ती म्हणाली. मी जीभ वर केली. "खाली." मी खाली केली. मग तिने तिचं ते इवलंसं बोट माझ्या गालात घातलं आणि गाल फाकवून नीट बघितलं, मी बघते तसं, घाई न करता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तोंड उघडं असताना पुसताही येईना.

ती सरळ उभी राहिली आणि पोरांकडे वळली.

"गिळलंय," तिने सांगितलं. "खा रं."